लाल वाडा, ८२ पांढरे दगड आणि एक कागद

१/
स्टॉकहोमच्या गामला स्तान या जुन्या शहराच्या मध्यभागी एक लहानसा, किंचित उतरता चौक आहे : स्तूरतोर्येत, म्हणजे ‘मोठा चौक’. त्याच्या पश्चिमेस पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचा एक गडद लाल वाडा उभा आहे. खाली कॉफीची दुकाने, वर खिडक्या आणि खिडक्यांभोवती पांढरे दगड. हे दगड ८२ असून प्रत्येक दगड म्हणजे या चौकात उडवलेले एक शिर, असे प्रवाशांना सांगितले जाते. प्रवासी मान वर करून दगड मोजू लागतात.

२/
कथा प्रभावी आहे, पण कालगणनेत टिकत नाही. हत्याकांड १५२० चे. वाड्याला आजचे रूप मिळाले १६५० च्या सुमारास, म्हणजे सुमारे १३० वर्षांनंतर. दोन जुनी घरे एकत्र करून ते घडवणारा योहान एबरहार्ड शांट्स हा पुढे राजा झालेल्या दहाव्या कार्ल गुस्तावचा सचिव होता. भिंतीत फिकट दगड बसवून शोभा आणणे ही त्या काळातील डच धाटणीच्या वास्तूंची नेहमीची रीत. दगड शोभेचे आहेत. शिरे लोकांनी त्यांना नंतर चिकटवली.

३/
मग चौकात खरोखर घडले काय? त्याचे मूळ तलवारीपेक्षा एका कागदात अधिक आहे.

४/
१३९७ पासून डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही राज्ये काल्मार संघात एका राजाखाली जोडलेली होती. स्वीडनमधील एका प्रबळ गटाला हे जोखड नको होते. या गटाचा नेता, धाकटा स्तेन स्तूरे, याने डॅनिश राजाच्या बाजूच्या गुस्ताव ट्रॉले या आर्चबिशपशी वैर धरले. १५१७ मध्ये स्वीडिश सभेने ट्रॉलेला पदच्युत करण्याचा ठराव केला आणि प्रमुखांनी त्यावर शिक्के उमटवले. दोष कुणा एकट्यावर येऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

५/
१५२० च्या आरंभी डॅनिश सैन्याशी लढताना स्तेन स्तूरे जखमी होऊन मरण पावला. त्याची विधवा क्रिस्टिना युलेनशेर्ना हिने स्टॉकहोम अनेक महिने लढवले. सर्वांना माफीचे वचन मिळाल्यावरच तिने सप्टेंबरमध्ये शहर स्वाधीन केले. ४ नोव्हेंबरला दुसऱ्या ख्रिश्चनचा राज्याभिषेक झाला. पुढे तीन दिवस मेजवान्या चालल्या.

६/
७ नोव्हेंबरला किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. ट्रॉलेने उभे राहून आपल्यावरील अन्यायाची भरपाई मागितली. क्रिस्टिनाने बचावासाठी १५१७ चा ठराव पुढे केला : निर्णय साऱ्यांचा होता, एकट्या स्तेनचा नव्हे. ज्या कागदाने ढाल व्हावे तोच आरोपींची यादी ठरला. राजाने माफी दिली होती ती राजद्रोहाला. पाखंड हा धर्माविरुद्धचा गुन्हा, त्याला राजाची माफी लागू नाही, अशी पळवाट निघाली. ही पळवाट तलवारीहून भयंकर वाटते.

७/
८ नोव्हेंबरला धर्मगुरूंनी आरोपींना पाखंडी ठरवले आणि त्याच दिवशी चौकात शिरच्छेद सुरू झाले. प्रथम स्ट्रेंग्नेस व स्कारा येथील दोन बिशप, मग सरदार, नगरसेवक, व्यापारी. ८२ हा आकडा शिक्षेची अंमलबजावणी करणाऱ्या माणसाच्या सांगण्यातून आला आहे. इतर अंदाज शंभराच्या आसपास जातात. पुरलेला स्तेन स्तूरेही सुटला नाही. त्याचा देह उकरून इतर प्रेतांबरोबर जाळण्यात आला.

८/
मृतांमध्ये एरिक योहानसन वासा होता. त्याचा मुलगा गुस्ताव याने बंडाचे नेतृत्व केले आणि ६ जून १५२३ रोजी तो स्वीडनचा राजा निवडला गेला. काल्मार संघ संपला. त्याच वर्षी ख्रिश्चनला डेन्मार्कचे सिंहासनही गमवावे लागले. नव्या राजाला हे हत्याकांड विसरले जाऊ द्यायचे नव्हते. त्याची चित्रे छापून प्रसृत करण्यात आली. त्यामुळे आपल्याला ठाऊक असलेली हकीकत बरीचशी विजेत्याच्या बाजूने सांगितलेली आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

९/
एक माणूस मात्र वाचला. ठरावावर शिक्का असलेला लिन्शपिंगचा बिशप हान्स ब्रास्क. कथा अशी की, त्याने आपल्या शिक्क्याच्या मेणाखाली ‘हे मी नाइलाजाने करीत आहे’ अशा आशयाची चिठ्ठी लपवली होती आणि ऐन वेळी ती काढून दाखवली. लाल वाड्याच्या दगडांप्रमाणे हीदेखील दंतकथाच असावी. परंतु स्वीडिश भाषेत, संमती देताना आड ठेवलेल्या अटीला आजही ‘ब्रास्कलाप’, म्हणजे ब्रास्कची चिठ्ठी, असेच म्हणतात.