सीडीच्या तबकडीवरील छपाई : मापे, अक्षरे आणि नावे

भजनांची किंवा नाट्यगीतांची सीडी काढताना सगळी हौस कव्हरवर केली जाते आणि तबकडीवर नुसते शीर्षक छापून मोकळे होतात. पण वर्षभरात डबी फुटते, कव्हर हरवते, उरते ती तबकडी. ती कोणाची हे तिच्यावरच लिहिलेले हवे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारून ठेवले, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या कारागिराला लेबलवर कोणाचे नाव घालायचे ते कळायला हवे होते.

माप सोपे आहे. तबकडीचा व्यास १२० मिमी, मधले भोक १५ मिमी. कडेला कापण्यासाठी तीन-तीन मिमी जादा धरून १२६ मिमीचा चौरस घ्यावा. ३०० डीपीआयला तो सुमारे १४८८ पिक्सेल होतो. भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर छापायचे की नाही, हे प्रत्येक छापखान्याचे वेगळे असते. त्यांचा साचा आधी मागवावा. गायिकेचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला घेऊ नये, तो आकसलेला असतो. मूळ फाइल ई-मेलने मागवावी.

गिंप आणि इंकस्केप फुकट मिळतात आणि आपल्या कामाला पुरतात. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत भारतीय लिपींची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते; नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. मजकूर गोलात वळवण्याचा मोह सर्वांनाच होतो. इंग्रजी अक्षरांना ते शोभते. देवनागरीत मात्र शिरोरेखा अक्षरागणिक तुटते आणि खाली उकार एकमेकांत घुसतात. माझ्या मते शीर्षक भोकाच्या वर, सरळ ओळीतच असावे. फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करावे, म्हणजे छापखान्यात तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. छपाईचे रंग सीएमवायके असतात. पडद्यावरचा झळझळीत भगवा कागदावर मंद उतरतो.

आता नावे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ नुसार ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष वेष्टनावर आणि ध्वनिमुद्रिकेवरही हवे. तारीख नसलेला चेक आणि वर्ष नसलेली सीडी, दोन्ही पाहून मला अजून अस्वस्थ वाटते. पेटी-तबलावाल्यांची नावे हे कलम मागत नाही, तरी ती घालावीतच. जागा कमी पडली तर चित्र लहान करावे. प्रायोजकाचे बोधचिन्ह कव्हरवर जाऊ शकते.

घरच्या प्रतींवर कागदी स्टिकर लावू नये. तो सुटून प्लेअरमध्ये अडकतो. टोकदार पेनही नको : सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, त्यामुळे वरचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक.

शेवटी मूळ आकारात साध्या कागदावर छापून, गोल कापून जुन्या सीडीवर ठेवावे आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चष्मा लावून नावे वाचायला सांगावीत.