नांदूर मधमेश्वरचा गाळ

थंडी पडली की नाशिक-पुण्याकडची कुटुंबे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला येतात. चापडगावच्या मनोऱ्यावरून मुलांना जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी, चमचे, तलवार बदके दाखवतात आणि अस्पर्श निसर्ग पाहिल्याच्या समाधानात परततात. समाधान खरे आहे, समजूत मात्र अपुरी. हे पाखरांचे राज्य पाटबंधारे खात्याच्या एका कामातून उभे राहिले. 1899-1900 च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने सिंचनाचा नव्याने विचार केला. त्यातूनच इगतपुरी तालुक्यात दारणा धरण झाले आणि तिथून नदीत सोडलेले पाणी अडवून कालव्यांत वळवण्यासाठी गोदावरी-कादवा संगमाजवळ हा बंधारा बांधला गेला. पाणी संथावले, दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ दरवर्षी इथे बसू लागला, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या, बेटे तयार झाली. अभियंत्याच्या हिशेबात जो तोटा होता, तोच बदकांचा संसार ठरला.

संगमावर पक्षी आधीही येत असतील, असे कोणी म्हणेल. येत असतीलच. पण पावसाळा सरल्यावर रोडावणारी वाहती नदी आणि हिवाळाभर टिकणारे उथळ, चिखलाचे पाणी यांत फार फरक आहे. थापट्यासारख्या बदकाला असे उथळ, चिखलाचे पाणीच लागते. मग माणसाने घडवलेल्या जागेला अभयारण्याचा मान कशाला, हा आक्षेपही टिकत नाही. सलीम अलींनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगतात. ते भरतपूरसुद्धा संस्थानिकांनी शिकारीसाठी बांध घालून, पाणी खेळवून घडवलेले आहे. नांदूर मधमेश्वर 1986 मध्ये अभयारण्य झाले आणि पुढे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. जन्म कसा झाला, यावरून पाणथळीचे मोल ठरत नाही.

खरा अवघड प्रश्न बंधाऱ्याच्या वरच्या अंगाच्या चांदोरी-सायखेडा या गावांचा आहे. पुरात ज्यांच्या घरांत पाणी शिरते, त्यांनी बंधाऱ्यातला गाळ काढा म्हणणे अगदी रास्त आहे, आणि पक्षिप्रेमींनी त्याला पर्यावरणविरोधी ठरवणे अन्यायाचे. मात्र बंधाऱ्याचे मुख्य काम पाणी वळवण्याचे. मोठा साठा वर धरणांत असतो. म्हणून साठ्यासाठी सगळा गाळ न उपसता नदीचा मुख्य प्रवाह तेवढा मोकळा करावा, तोही पाहुणे पक्षी परतल्यानंतर उन्हाळ्यात, आणि काठाची उथळ दलदल राखावी, ही मागणी गावकरी आणि पक्षिमित्र दोघांनी मिळून करायला हवी. कालव्याचे आवर्तन कधी सुटते, पाणी किती झपाट्याने उतरते, यावरही इथला हिवाळा अवलंबून असतो. पण पक्षी मोजणारे आणि पाणी मोजणारे एका टेबलाशी क्वचितच बसतात. यंदा मुलांना घेऊन जाल, तेव्हा मनोऱ्यावर चढण्याआधी त्यांना बंधारा आणि कालव्याचे तोंड जरूर दाखवा.