आधी सामान, मग भिंत

मंडळी, 1983 साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. 2002 साली तिच्यातली 27 गावे वगळली गेली. 2015 साली ती पुन्हा आत आली. हद्द आखडणे म्हणजे नकाशावरची एक रेघ. पण घरपट्टीच्या, जन्ममृत्यूच्या नोंदी? त्या आधी सुखरूप हलवायला हव्यात, मग रेघ ओढावी.

संगणकाच्या पोटातही हाच नियम. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. पुढे मोठ्या कचेऱ्यांत दोन-चार युनिक्स यंत्रे एकाच साठ्याला जोडू लागले. एक बंद पडले तर दुसऱ्याने काम धरावे. त्या साठ्यात फायली लावून ठेवणारी मांडणी म्हणजे फाइल सिस्टिम.

ही मांडणी वाढवताना आधी जागा वाढवतात, मग मांडणी. लहान करताना बरोबर उलट: शेवटच्या कप्प्यातले सामान पुढे सरकवून आधी मांडणी आखडायची, मग खालची जागा कमी करायची. क्रम चुकला, तर माणसांच्या नोंदी भिंतीबाहेर पडतात.

आयबीएमच्या युनिक्सवर, एआयएक्सवर, ही सोय आली ती 2004 साली. त्याआधी सगळ्याची नक्कल काढायची, लहान मांडणी नव्याने बांधायची आणि नक्कल परत भरायची, एवढीच वाट होती. आजही नक्कल आधी काढावी, ती उघडते का हे पाहावे, आणि हुकूम एकाच यंत्रावरून द्यावा. दोघांनी एकदम बांध सरकवला, तर शेत कोणाचेच राहत नाही.

गुरुजी, मुलांना एवढेच सांगा: वाढवण्यापेक्षा आखडण्याला जास्त सावधपणा लागतो.