चेऊलचा हुनरमन

आमच्या मालवण किनाऱ्यावर दिवाळीच्या फराळाला बसलेली मंडळी इतिहासावर आली, की गोष्ट शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गापासून सुरू होते. यंदा मात्र वाचकांना मी त्याच्याही साडेसहाशे वर्षे मागे नेणार आहे.

आमच्या खारेपाटणला रट्टराज शिलाहाराचा एक ताम्रपट मिळाला. काळ शके ९३०, म्हणजे इ. स. १००८. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी तो प्रसिद्ध केला. देवकार्यासाठी जहाजांवर बसवलेली पट्टी त्यात नोंदली आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण. त्या पट्टीच्या कलमांत चेमूल्य आणि चंद्रपूर यांना मात्र सवलत आहे. चंद्रपूर हे गोव्यातले चांदोर, आणि चेमूल्य म्हणजे चेऊल. ज्याचे नाव खारेपाटणच्या राजालाही वगळून लिहावे लागले, त्या चेऊलचा कारभार कोण पाहत असेल, हे कुतूहल मला तेव्हापासून लागले.

त्याचे उत्तर एका अरब प्रवाशाने लिहून ठेवले आहे. मसूदी हा बगदादचा विद्वान हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, चेऊलला आला. अरब त्या गावाला सैमूर म्हणत. तेथे झंझ शिलाहाराचे राज्य होते. बसरा, बगदाद, ओमान, सिराफ इथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान तेथे नांदत होते. कित्येकांनी तेथेच संसार थाटले होते. या वस्तीचा प्रमुख राजा स्वतः नेमी, तोही त्यांच्यातलाच. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत. फारसी 'हुनर' म्हणजे आपला हुन्नर. पदवीचा संबंध त्याच शब्दाशी लावतात. मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन झकरिया हा हुनरमन होता. वस्तीचे सारे तंटेबखेडे त्याच्यापुढे येत. आजच्या भाषेत त्याला त्या वस्तीचा नगराध्यक्षच म्हणावे!

पण हे पद फुलांच्या हाराचे नव्हते. त्याच शतकातल्या अरबी खलाशांच्या गोष्टींत अब्बास बिन माहान नावाच्या दुसऱ्या हुनरमनाची हकीकत येते. सिराफच्या जहाजावरच्या एका खलाशाने चेऊलच्या देवळात मूर्तीची विटंबना केली. पुजाऱ्याने त्याला पकडले, त्याने गुन्हा कबूल केला. लोक खवळले. तेव्हा कोणीतरी सुचवले, की हा अरब आहे, त्यांच्याशी आपला करार आहे, याचा न्याय त्यांच्याच हुनरमनाकडे सोपवावा. अब्बासला एवढेच विचारले, की तुमच्या मशिदीत असे घडते, तर तुम्ही काय केले असते? देहदंड, असे तो म्हणाला. आणि त्या खलाशाला तीच शिक्षा झाली.

खलाशांच्या गोष्टीत तिखटमीठ असते, हे खरे. शिक्षाही आपल्याला कठोर वाटेल. परंतु त्या प्रश्नाशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. संतापलेल्या गावाने आधी करार आठवला. आणि हुनरमनाने आपल्या माणसासाठी वेगळे माप काढले नाही. घरात शेजाऱ्यासाठी एक आणि आपल्या मुलासाठी दुसरे माप ठेवण्याचा मोह कोणाला होत नाही? त्या रात्री अब्बासला झोप लागली असेल, असे मला वाटत नाही.

मारूफ आणि अब्बास यांच्याविषयी याहून अधिक काही सांगण्याजोगे माझ्यापाशी नाही. दोन नावे आणि एक निवाडा, एवढीच पुंजी. पण बंदर नुसत्या धक्क्याने उभे राहत नाही. परक्या गावातून आलेल्या तांडेलाला तेथे सरळ न्याय मिळेल, हा भरवसाही लागतो. संध्याकाळी मालवणच्या धक्क्यावर होड्यांचे दिवे लुकलुकू लागले, की मला चेऊलचा तो हुनरमन आठवतो.