राधानगरी अभयारण्य
कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीत, भोगावती व दूधगंगा यांच्या पाणलोटातील वन्यजीव क्षेत्र. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी राखीव. १९८५ मध्ये विस्तारून सु. ३५१ चौ. किमी. पश्चिम घाटासोबत २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. मूळचे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान. राजर्षी शाहूंनी बांधायला घेतलेले राधानगरी धरण यालगतच आहे.

गवे सकाळी-संध्याकाळी जांभ्याच्या सड्यांवर व पाणवठ्यांवर उतरतात. काळपट धिप्पाड अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय. ही खूण लांबूनही चुकत नाही. शेकरू मात्र आधी ऐकू येते, मग दिसते. पायवाटा ओढ्यांच्या कडेने सदाहरित जंगलातून जातात. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. जळवा पाहता ते बरेच. हिवाळा चालायला उत्तम, पण गवे पाहायचे तर उन्हाळ्यात पाणवठा गाठावा.