तळटीप : कॉलेट आणि सेंटर
* लेखक इथे ‘सेंटर लावून घ्यावे’ एवढेच म्हणतो, पण नवख्याची गफलत नेमकी इथेच होते. ७ इंच स्विंगच्या छोट्या लेथला बहुधा हेडस्टॉकमध्ये मोर्स टेपर ३ आणि टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपर २ असतो. तेच सेंटर दोन्हीकडे बसत नाही. टेलस्टॉकसाठी फिरते सेंटरच घ्यावे. स्थिर सेंटरच्या टोकाला ग्रीस नसेल तर ते जळते. कॉलेटमध्ये ईआर-३२ संच आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. १० मिमी लिहिलेले कॉलेट ९ मिमीपर्यंत आवळते, मात्र १० हून जाड सळई त्यात कोंबू नये. कॉलेट आधी किंचित तिरके धरून नटमध्ये ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबावे, मगच नट स्पिंडलवर चढवावा. टेपरमध्ये धातूचा एवढासा कीस अडकला तरी जॉब डगमगतो. — संपा.