आजोबांच्या तोंडपाठ परिमेय संख्या

१, २, ३ या नैसर्गिक संख्या. शून्य आणि ऋण संख्या मिळाल्या की पूर्णांक. पुढे ‘परिमेय’ ऐकलं की पोटात गोळा येतो. पण गोंदियाच्या बाजारात आपण ‘अडीच क्विंटल धान’ म्हणतो ना? अडीच म्हणजे ५/२, परिमेयच की!

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा घोकून घेत. कारण रुपयाचे १६ आणे. हिशेब सगळा पाव-अर्ध्याचा. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० पैसे झाले, दशांश आले आणि हे पाढे मागे पडले.

शब्द मात्र अजून आपल्या तोंडात आहेत. अपूर्णांकांची भीती वाटते? मग सव्वा-दीडपासूनच सुरुवात करा.